पाणी न पिणारा पाटकरी

हॅन्सन क्रीकच्या पाटावर व्हर्डेल थोरुप पाटकरी म्हणून लागला तेव्हा त्याचे लग्नही झाले नव्हते, आणि आता त्याची नात लग्नाला आली होती. एवढ्या वर्षांत कोणाची पाण्याची पाळी चुकवल्याची एकही तक्रार त्याच्यावर आली नाही. डोंगरावरचा बर्फ वितळून जे पाणी खाली येई, ते कोणाच्या लसूणघासाला किती वेळ द्यायचे आणि कोणाची झडप केव्हा पाडायची, हे त्याच्या डोक्यात पक्के बसलेले होते. युटाच्या त्या कोरड्या खोऱ्यात पाण्यावरून सख्ख्या भावांनी एकमेकांवर फावडी उगारलेली आहेत. पण पाटावर व्हर्डेल उभा असला की फावडी खांद्यावरच राहत. या माणसाविषयी चांगले म्हणण्यासारखे जे काही होते, ते इथे संपले.

जन्मभर पाणी वाटणारा हा मनुष्य स्वतः पाणी पीत नसे. पाणी गुरांनी प्यावे, घासाने प्यावे, फार तर रविवारी प्रार्थनाघरात चिमुकल्या पेल्यातून घोटभर घ्यावे, असे त्याचे मत होते. तो पीत असे सोडा. गावाच्या वेशीवर, जुन्या पेट्रोल पंपाच्या जागी, एक टपरी उभी राहिली होती. तिच्या खिडकीशी गाडी लावायची आणि सव्वा लिटरचा, झाकण-नळी लावलेला पेला हातात घ्यायचा. त्यात काळा कोला, त्यावर नारळाचा गोड पाक, त्यावर साय, आणि वर लिंबाची एक फोड. असा एक पेला सकाळी पाटावर जाताना, एक दुपारी, एक परत येताना. मधल्या वेळेची तहान भागवायला गाडीत डबे असत, आणि रिकामे डबे पायाशीच लोळत असत. गाडी वळली की ते देवळातल्या झांजांसारखे वाजत.

“लिंबू तब्येतीला चांगलं असतं,” असे तो बायकोला सांगे.

“मग नुसतं लिंबू खा,” अर्डिथ म्हणे. आणि मग तीही आपला पेला उचली. कारण त्या गावात पेला नसलेला हात क्वचितच दिसे.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. त्यांच्या पंथाचा नियम स्पष्ट होता: दारू नाही, तंबाखू नाही, चहा नाही, कॉफी नाही. जो हा नियम पाळतो त्याला बिशप समोर बसवून प्रश्न विचारतो, आणि उत्तरे समाधानकारक असली तर टेकडीवरच्या पांढऱ्या मंदिरात जाण्याचा परवाना देतो. सोड्याविषयी नियम गप्प आहे. जिथे नियम गप्प बसतो तिथे शहाण्या माणसाने विवेकाला विचारायचे असते. पण व्हर्डेलचा विवेक नियमाच्या खुंटीला बांधलेला होता, आणि जेवढा दोर होता तेवढाच चरत होता.

त्या परवान्याचा त्याला जेवढा अभिमान होता तेवढा पाटाचाही नव्हता. तो परवाना शर्टाच्या खिशात, हृदयाच्या बाजूला असे. आणि त्या अभिमानाला रोज घासून चकाकी आणायला त्याच्याजवळ एक दगडही होता: धाकटा भाऊ रुलॉन.

रुलॉन तरुणपणी खाणीत कामाला गेला आणि रात्रपाळीत कॉफी प्यायला शिकला. तेवढेच. दारूला त्याने स्पर्श केला नाही. बायको एकच केली आणि ती जाईपर्यंत नीट सांभाळली. पण बिशपने विचारले तेव्हा तो खरे बोलला: “पितो. आणि उद्याही पिईन.” त्यामुळे त्याला परवाना मिळाला नाही. त्या मंदिरात परवान्यावाचून कोणालाही प्रवेश नसतो, मग वधूचा बाप का असेना. घरातले प्रत्येक लग्न आत लागे आणि रुलॉन बाहेरच्या हिरवळीवर, थर्मास मांडीवर ठेवून, बसून राही. लग्न लागले की सगळ्यांच्या आधी व्हर्डेल बाहेर येई आणि विचारी,

“काय रे, गवत ओलं नव्हतं ना?”

“नाही. बसायला छान आहे.”

“आत गालिचा आहे म्हटलं.”

“ऐकून आहे,” रुलॉन म्हणे, आणि झाकणात कॉफी ओती.

व्हर्डेलला यापेक्षा मोठा आनंद ठाऊक नव्हता. जो मनुष्य आपले पुण्य दुसऱ्याच्या बाहेर बसण्यावरून मोजतो, त्याचे पुण्य किती, याचा हिशेब वाचकाने करावा.

त्या वर्षी नात मॅकेल हिचे लग्न ठरले. लग्नाला दोन साक्षीदार लागतात, ते वेदीच्या दोन्ही बाजूंना बसतात. एका बाजूला नवरदेवाचे आजोबा बसणार होते. दुसऱ्या बाजूला कोण, हे मॅकेलने ठरवायचे होते. ती एका संध्याकाळी आजोबांच्या ओट्यावर येऊन बसली.

“आजोबा, माझ्या बाजूने तुम्ही बसाल?”

व्हर्डेलच्या तोंडातून क्षणभर नळी सुटली. चार मुलांची लग्ने झाली, पण साक्षीदार म्हणून त्याला कोणी बसवले नव्हते. दर वेळी व्याह्यांकडचा कोणी मोठा माणूस आडवा येई. त्याने डोळे पुसले. तेही पेला धरलेल्या हाताच्या पाठीने.

“बसेन म्हणजे काय! मी नाही बसणार तर कोण? तो रुलॉन?”

“रुलॉनआजोबांचं नाव घेऊ नका,” मॅकेल म्हणाली. “ते आत येऊ शकत नाहीत, याचं मला वाईट वाटतं. पण माझं एक मागणं आहे. तोवर हे बंद करा.” तिने पेल्याकडे बोट दाखवले. “तुम्ही रात्रीतून किती वेळा उठता ते आजी सांगते. परवा चर्चच्या मैदानावर तुम्ही मला ओळखलंच नाहीत, मी हात हलवत होते तरी. लग्नाच्या दिवशी तुम्ही मला धड दिसायला हवे आहात, आणि मी तुम्हाला.”

“एवढंच ना? सोडला,” व्हर्डेल म्हणाला.

त्याने काय सोडले ते पुढे येईलच.

ती म्हणाली त्यात खोट नव्हती. त्याला दिवसभर तहान लागे. तहान लागली की तो सोडा पिई. सोडा प्यायला की आणखी तहान लागे. पाटाच्या पाण्याला असे उलटे वाहताना पाहिले असते तर त्याने झडप पाडून कारण शोधले असते. स्वतःच्या देहात मात्र त्याला त्यात काही वावगे वाटले नाही. वसंतात, पाट साफ करताना, त्याचा एक गमबूट चिखलात रुतून राहिला आणि हा गृहस्थ कापलेल्या घासाच्या टोकदार बुडख्यांवरून तसाच चालत गेला. ते रुलॉनने पाहिले.

“अरे, बूट कुठाय तुझा?”

व्हर्डेलने खाली पाहिले. पाय उघडा होता आणि त्याला ते माहीत नव्हते.

“तुला टोचत नाही?”

“इतकी वर्षं पाटात उभा आहे. कातडं झालंय पायाचं.”

“कातडं बैलाचंही असतं. त्याला टोचतं,” रुलॉन म्हणाला. “दवाखान्यात जा.”

“कॉफी पिणाऱ्याने मला तब्येत शिकवावी?”

पण अर्डिथने त्याला दवाखान्यात नेलेच. तिथल्या परिचारिकेने नेहमीचे प्रश्न विचारले. त्या खोऱ्यातल्या माणसाला असे प्रश्न विचारले की तो समोर बिशप बसला आहे असे समजून उत्तरे देतो, आणि व्हर्डेल तर ताठ होऊन बसला.

“पिता का?”

“आयुष्यात थेंब नाही.”

“धूम्रपान?”

“नाव नको.”

“चहा, कॉफी?”

“आमच्या घरात वासही येत नाही. हां, भावाचं विचाराल तर—”

“भावाचं नको. आणखी काही पेय?”

“आणखी काय असतं?” व्हर्डेल म्हणाला, आणि त्याने हे पूर्ण प्रामाणिकपणे म्हटले. बाहेर गाडीत त्याचा पेला त्या वेळी ऊन खात उभा होता. अर्डिथ शेजारीच बसली होती. तिनेही मान डोलावली, कारण तिच्या मते नवऱ्याने एक अक्षरही खोटे सांगितले नव्हते.

रक्तात साखर भरमसाट निघाली. असा शुद्ध आहाराचा माणूस आणि इतकी साखर, म्हणून डॉक्टरही कोड्यात पडला. त्याने रोगाचे खापर घराण्यावर फोडले, गोळ्या लिहून दिल्या आणि सांगितले, “पाव, बटाटे कमी करा. गोडधोड टाळा.”

व्हर्डेलने बटाटे सोडले. साधेसुधे सोडले नाहीत. गाजावाजा करून सोडले. गावात कोणी वारले की बायका चीज घातलेले भाजके बटाटे करून आणतात, त्या ताटासमोर उभा राहून, मृताच्या मुलासमक्ष, त्याने मोठ्याने सांगितले, “मला नको. डॉक्टरांनी मनाई केलीय. नातीसाठी करतोय सगळं.” लोकांनी त्याची तारीफ केली. त्याने ती नळीतून ओढत ऐकली.

मॅकेलला दिलेल्या शब्दाचे काय, असे अर्डिथने एकदा विचारले.

“पाळतोय ना. आता मी मोठा पेला घेत नाही, मधला घेतो.”

“मधले किती घेतोस?”

“तू माझ्यावर पहारा ठेवतेस का?” असे म्हणून तो रागाने बाहेर गेला. टपरीच्या दिशेनेच गेला.

परवान्याची मुदत त्याच महिन्यात संपत होती. बिशप ओल्ड्रॉइड हा ट्रॅक्टरचे सुटे भाग विकणारा एक अघळपघळ गृहस्थ होता. प्रार्थनाघराच्या लहानशा खोलीत तो टेबलामागे बसला होता आणि टेबलावर, धर्मग्रंथाच्या शेजारी, त्याचाही पेला होता. दोन पेले समोरासमोर घाम गाळत उभे होते आणि त्यांच्या मधोमध आहाराच्या शुद्धतेविषयी प्रश्नोत्तरे चालली होती. दोघांनाही त्यात हसण्यासारखे काही दिसले नाही. बिशपने सही केली, उठून हात मिळवला आणि म्हणाला, “ब्रदर थोरुप, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून गाव उभं आहे.”

लग्नाचा दिवस उजाडला. जून महिना. व्हर्डेलने पहाटे एक पाळी वळवली, घरी येऊन दाढी केली, काळा सूट चढवला आणि गाडीतच पडलेले चांगले बूट पायांत घातले. गाडीच्या तळाशी डब्यांच्या ढिगात कुंपणाचे सुटे खिळेही असत. त्यांतला एक वाकडा खिळा डाव्या बुटात गेलेला होता. दुसऱ्या कोणी पाय आत घालताच किंकाळी फोडली असती. व्हर्डेलने नाडी आवळली.

अर्डिथ मुलीबरोबर पुढे गेली होती, त्यामुळे टपरीशी त्याला अडवणारे कोणी नव्हते. घशाला कोरड पडली होती.

“आज सूटबूट?” खिडकीतली मुलगी म्हणाली. “नेहमीचंच?”

“मोठा दे. आज साक्षीदार आहे मी,” व्हर्डेल म्हणाला. “आज एक दिवस चालतं.”

मंदिराच्या हिरवळीवर रुलॉन आधीच येऊन बसला होता. इस्त्रीचा शर्ट, शेजारी थर्मास. व्हर्डेल पेला गाडीत ठेवून त्याच्यासमोरून गेला आणि थांबला. थांबल्याशिवाय त्याला राहवलेच नसते.

“आज जरा वेळ लागेल हं आम्हाला. मी साक्षीदार आहे.”

“कळलं मला. पोरीने सांगितलं,” रुलॉन म्हणाला. “लंगडतोयस का?”

“ताठ चालतोय.”

“डावीकडे झुकतोयस.”

“तू गवत सांभाळ,” व्हर्डेल म्हणाला, आणि परवाना दाखवून आत गेला.

आत सगळ्यांनी पांढरे कपडे घालायचे असतात. कपडे बदलण्याच्या खोलीत त्याने बूट काढले, मोजे बदलले, पांढऱ्या सपाता चढवल्या. खाली नीट पाहिले नाही; पाहिले असते तरी त्या दिवसांत त्याला सगळे धुक्यातूनच दिसे. तो मार्गिकेतून निघाला. मंदिरातला एक वृद्ध सेवेकरी त्याच्यामागून येत होता. तो हलक्या आवाजात म्हणाला,

“ब्रदर, जरा थांबा. हे तुमचं आहे का?”

व्हर्डेलने मागे वळून पाहिले. फिकट गालिच्यावर, प्रत्येक पावलाला एक, असे लाल ठसे थेट त्याच्या टाचेपर्यंत आले होते.

“माझं नाही,” व्हर्डेल म्हणाला. “मला काही झालेलं नाही.”

“सपात भरलीय, ब्रदर.”

“मला दुखत नाही म्हणतोय ना! माझी नात वाट पाहतेय. मी साक्षीदार आहे.” आणि तो आणखी चार पावले चालला, आणखी चार ठसे उमटवले, आणि मग भिंत त्याच्याकडे सरकत आली. त्याला खुर्चीत बसवले तेव्हा तो पाणी मागत नव्हता. सोडा मागत होता.

लग्नसराईच्या त्या दिवशी मंदिरात एकामागून एक लग्ने लागत होती. व्हर्डेलला बाजूच्या दाराने बाहेर काढले, आणि त्या दाराला सर्वांत जवळ जो मनुष्य होता तो हिरवळीवर बसलेला होता. रुलॉनने थर्मास तिथेच टाकला, भावाला आपल्या गाडीत घातले आणि शेजारच्या गावच्या रुग्णालयाकडे गाडी पिटाळली.

रुग्णालयातली परिचारिका बाहेरच्या राज्यातून आलेली होती. तिने तेच प्रश्न विचारले. व्हर्डेलने अर्धवट शुद्धीतही तीच उत्तरे दिली: थेंब नाही, नाव नको, वासही नाही.

“अहो बाई,” रुलॉन दाराशी उभा होता तो म्हणाला, “हा रोज बादलीभर सोडा पितो. पाक घालून, साय घालून. कित्येक वर्षं.”

“ते पिणं नव्हे!” व्हर्डेल ओरडला.

“मग काय, खाणं?” परिचारिका म्हणाली.

खिळ्याने केलेली जखम ताजी होती. पण तिच्या शेजारी एक जुनी जखम निघाली, आणि ती कधीची हे कोणालाही सांगता येईना. तिथल्या डॉक्टरांनी त्याला सरळ शब्दांत सांगितले: साखरेने पायांच्या नसा मारल्या आहेत, डोळ्यांना हात घातला आहे आणि मूत्रपिंडांची वाट धरली आहे, हे बंद झाले नाही तर पुढच्या वेळी पाऊल जाईल. या वेळी दोन बोटांवर भागले.

मॅकेल दुसऱ्या दिवशी आली. नव्या नवऱ्याला, ट्रेव्हरला, तिने बाहेर थांबवले होते. ती रडली नाही. रडली असती तर व्हर्डेलला सोपे गेले असते.

“तुमच्या जागी ट्रेव्हरचे काका बसले,” ती म्हणाली. “दार लावायच्या आधी मंदिरातल्यांनी मला विचारलं, थांबायचं का. बाहेर दुसरी नवरी उभी होती, आजोबा. मी म्हटलं, नको.”

“पायात खिळा होता गं. खिळ्याला मी काय करणार?”

“तुमची गाडी मीच घरी नेली,” मॅकेल म्हणाली. “पेला होता त्यात. मोठा. बर्फ पुरता विरघळला नव्हता अजून.”

मॅकेलने त्याच्या कपाळाला हात लावला आणि ती गेली.

दुपारी बिशप ओल्ड्रॉइड भेटीला आला. हातात पेला होताच. त्याने तो खिडकीत ठेवला, चार धीराचे शब्द सांगितले, प्रार्थना केली. व्हर्डेल त्या पेल्याकडे पाहत होता.

“बिशप,” तो म्हणाला, “तुम्ही मला याच्याबद्दल कधी विचारलं नाहीत.”

“कशाबद्दल?”

“त्याच्याबद्दल.” व्हर्डेलने खिडकीकडे हात केला. “विचारलं असतं तर मी खरं सांगितलं असतं. खोटं मी बोलत नाही.”

बिशप मनापासून हसला. “अरे ब्रदर, तो प्रश्न विचारायला लागलो तर लग्नं सगळी गवतावरच लावावी लागतील!” असे म्हणून त्याने व्हर्डेलचा खांदा थोपटला, आणि दुकानाची घाई होती म्हणून निघून गेला. पेला खिडकीतच विसरला.

खोलीत रुलॉन आणि व्हर्डेल दोघेच राहिले. पेल्यातल्या बर्फाचा एक खडा खचला आणि किणकिणला. व्हर्डेलची जीभ टाळूला चिकटली होती. पायाला पट्ट्या होत्या. उठता येत नव्हते.

“रुलॉन.”

“हं.”

“तो जरा इकडे दे.”

रुलॉन उठला. त्याने पेला उचलला, झाकण काढले, आतले काळे पाणी कोपऱ्यातल्या मोरीत ओतले आणि पेला तीन वेळा विसळला. मग नळ सोडून तो काठोकाठ भरला आणि भावाच्या हातात दिला.

व्हर्डेलने घोट घेतला. डोंगरावरून उतरणारे हेच पाणी त्याने जन्मभर दुसऱ्यांच्या शेतांत सोडले होते, आणि ते कसे लागते हे त्याला आज कळत होते.

“याला काही चवच नाही,” तो म्हणाला.

“होते सवय,” रुलॉन म्हणाला. “मला गवताची झालीच की.”

व्हर्डेलने तोंड वाकडे केले, आणि दुसरा घोट घेतला.